तळटीप : ‘हात गार पडला’
* हात गार पडला – खेडच्या (आजचे राजगुरुनगर) शिवारात बांधावरचा दगड उचलताना चुलत्यांच्या बोटाला विंचू चावला आणि खांद्यापर्यंत हात बर्फागत झाला. लेखक याला ‘विष चढले’ म्हणतात. पण विष हातात साचल्यामुळे तो गार पडत नाही; न चावलेला हातही तसाच गार पडतो. लाल विंचवाच्या विषाने मज्जातंतू खवळतात आणि अॅड्रिनलिनसारखी द्रव्ये रक्तात लोटतात. ती लहान धमन्यांच्या भिंतीतले स्नायू आवळून धरतात. घामाने थबथबलेल्या हातात रक्तच पोचत नाही. या आवळलेल्या नळ्यांतून रक्त रेटता रेटता हृदय थकते, फुप्फुसांत पाणी होते. माणूस दगावतो तो त्याने.

महाडला काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि १९८६ साली ‘लॅन्सेट’मध्ये तिच्याविषयी लिहिले. अॅड्रिनलिन धमनीच्या भिंतीवर ज्या जागी चिकटते, ती जागाच हे औषध अडवते. स्नायू सैल पडतो, नळी रुंदावते. पहिल्या गोळीने दाब एकदम उतरू शकतो, म्हणून रुग्णाला उठू देत नाहीत. गोळी दर तीन तासांनी द्यायची, ती हातपाय कोरडे आणि ऊबदार होईपर्यंत. मनगटावरच्या बुजलेल्या शिरा पुन्हा निळ्या दिसू लागतात. पुस्तकातला प्रसंग या गोळीच्या आधीचा आहे.