टायर रिमवर बसताना ‘फट्’ आवाज का येतो?
ट्यूबलेस टायरच्या आतल्या काठाला बीड म्हणतात. त्यात पोलादी तारा असल्याने तो ताणला जात नाही. म्हणून घरी टायर चढवताना बीडची एक बाजू रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून ठेवतात. तेव्हाच दुसरी बाजू कडेवरून आत जाते.

काठाला साबणाचं पाणी लावून हवा भरली की बीड सरकून ‘फट्’ आवाजासह जागेवर बसतो. कारच्या टायरचा बीड ४० पीएसआयपर्यंत बसला नाही, तर दाब वाढवू नये. तार तुटून टायर फुटू शकतो, जीवही जाऊ शकतो. हवा सोडून पुन्हा साबण लावावा. व्हिडिओत दिसतं तसं पेट्रोल टाकून पेटवणं तर अजिबात नको.

टायरवरची रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, की टायर नीट बसला.