तळटीप १४ : स्वतंत्र मंडळी

१४. स्वतंत्र मंडळी : काँग्रिगेशनल पंथ, मूळचा इंग्लंडचा. परस्परांशी करार करून जमलेली श्रद्धावंतांची मंडळी स्वयंपूर्ण असते, तिच्या धर्मकारभारात ना बिशपने हात घालावा ना राजाने, असे रॉबर्ट ब्राउनने १५८२मध्ये मांडले. त्याची पुस्तके वाटल्याबद्दल पुढच्याच वर्षी दोघे फासावर गेले. हा विचार न्यू इंग्लंडमार्गे अमेरिकन मराठी मिशनसोबत १८३१मध्ये अहमदनगरास पोचला. इथल्या मंडळ्यांचा खर्च बराचसा मिशनने उचलायचा, मग स्वातंत्र्य कसले, हा आक्षेप रास्त आहे. शिवाय मॅसॅच्युसेट्समध्ये हाच पंथ १८३३पर्यंत सरकारी करावर पोसला जात होता (बंडखोरांना सत्ता मिळाली की असे होतेच). तरीही १८५४मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक हे मराठी गृहस्थ नगरच्या मंडळ्यांचे पाळक झाले, म्हणजे तत्त्व केवळ कागदावर नव्हते. मजकुरात पाळकाच्या नेमणुकीवरून गावकरी ख्रिस्ती हुज्जत घालतात, ती आपला धर्मकारभार आपणच पाहण्याच्या या हक्काच्या जोरावर. पुढे या मंडळ्या १९२४मध्ये उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये आणि १९७०मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील झाल्या. तिथे बिशप आहेत.