मीठ, सोने आणि ग्रंथ

माली राज्याचे नाव निघाले की मन्सा मूसाच्या सोन्याचीच गोष्ट सांगितली जाते. इ.स. १३२४ मध्ये हजला जाताना त्याने कैरोत इतके सोने वाटले की तेथे सोन्याचा भाव उतरला. विद्यार्थ्यांना ही गोष्ट आवडते. पण मालीचा व्यापार समजायचा तर मिठाकडे पाहावे लागते.

इ.स. १३५२ मध्ये इब्न बतूता सहारातील तगाझा येथे पोचला. (हाच प्रवासी त्यापूर्वी आपल्या दौलताबादेसही येऊन गेला होता.) तेथे झाड नाही, घरे व मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचे छप्पर. खाणीत राबत ते गुलाम. वैभवाच्या वर्णनात त्यांना सहसा जागा मिळत नाही. उंटभर मीठ वलाता येथे ८ ते १० मिस्काल सोन्यास जाई, तेच मालीच्या राजधानीत २० ते ३०, कधी ४० मिस्कालांस. दक्षिणेत सोने होते, मीठ नव्हते.

तेथील लोकांची कुरआन पाठांतराची आस्था इब्न बतूताने वाखाणली आहे. मुले मागे पडली तर त्यांच्या पायांत बेड्या घालीत. पालकांनी हा उपाय मात्र उचलू नये!

पुढे सोंघाई राजवटीत तिंबक्तू हे विद्येचे माहेरघर झाले. इ.स. १५९१ मध्ये मोरोक्कोच्या सैन्याने ते घेतले आणि पुढे काही वर्षांत विद्वान अहमद बाबांना कैद करून मराकेशला नेले. त्यांचे १,६०० ग्रंथ लुटले गेले; आणि आपल्या नातलगांत आपलाच संग्रह सर्वांत लहान होता, असे त्यांनी सांगितले. इ.स. १६०८ मध्ये ते तिंबक्तूला परतले.