जीवाणू-उपचार
औषधांना दाद न देणाऱ्या रोगकारक जीवाणूंना आवर घालण्यासाठी निरुपद्रवी किंवा सौम्य जीवाणू शरीरात मुद्दाम वसविण्याची पद्धती. प्रतिजैविके रोगजंतूंबरोबर उपयुक्त जीवाणूही मारतात. या पद्धतीत मात्र त्वचा, नाक वा आतडे येथील जागा आणि अन्न रोगजंतूंच्या हाती लागू न देण्यावर भर असतो. शिवाय काही जीवाणू मारक द्रव्ये स्रवतात, तर काही रोगजंतूंचे आपसांतील रासायनिक संदेशवहन बंद पाडतात.

इतिहास : जर्मन वैद्य आल्फ्रेड निस्ले यांनी 1917 मध्ये, आमांशाच्या साथीतही निरोगी राहिलेल्या एका सैनिकाच्या मलातून ई. कोलायचा एक वाण वेगळा केला. तो पुढे औषध म्हणून विकला जाऊ लागला. 1950 च्या दशकात अनेक देशांतील प्रसूतिगृहांत स्टॅफिलोकॉकस ऑरियसच्या पेनिसिलिनरोधी ‘80/81’ वाणाची साथ पसरली. ‘502ए’ हा सौम्य वाण ज्या नवजातांच्या अंगावर आधी वसला, त्यांच्यावर 80/81 ला सहसा ठाण मांडता येत नाही, असे हेन्री शाइनफील्ड व सहकाऱ्यांना न्यूयॉर्कमध्ये आढळले. त्यावरून 1960 च्या दशकात अमेरिकेतील रुग्णालयांत अर्भकांच्या नाकात व नाळेच्या देठावर 502ए लावण्यात आला आणि साथी आटोक्यात आल्या. मात्र 502ए मुळेच सेप्टिसीमिया होऊन एक अर्भक दगावल्याची नोंद 1972 मध्ये प्रसिद्ध झाली व हा उपाय मागे पडला.

अलीकडील संशोधन : नाकातील स्टॅफिलोकॉकस लुग्डुनेन्सिस हा जीवाणू ‘लुग्डुनिन’ हे प्रतिजैविक तयार करतो, असे ट्यूबिंगेन येथील संशोधकांनी 2016 मध्ये दाखविले. बॅसिलस सबटिलिसची फेंजायसिन ही द्रव्ये स्टॅ. ऑरियसला मारत नाहीत. आतड्यात टिकून राहण्यासाठी त्याला लागणारी संदेशयंत्रणा अडवितात. थायलंडमध्ये 115 व्यक्तींवरील चाचणीत (निष्कर्ष 2023) या जीवाणूच्या बीजाणूंमुळे मलातील स्टॅ. ऑरियसचे प्रमाण सु. 97 टक्क्यांनी घटले. प्रतिजैविकांनंतर बळावणाऱ्या क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलच्या वारंवार होणाऱ्या संसर्गासाठी निरोगी दात्यांच्या मलातील बीजाणूंच्या कॅप्सूलना अमेरिकेने 2023 मध्ये मान्यता दिली. ओडिशात 4,556 नवजातांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष 2017) लॅक्टोबॅसिलस प्लॅन्टारम व त्याला पोषक शर्करा दिल्यावर सेप्सिस व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 40 टक्क्यांनी कमी झाले.

मर्यादा : जीवाणूचा निरुपद्रवीपणा यजमानाच्या प्रकृतीवर अवलंबून असतो, अपुऱ्या दिवसांची बालके व प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना तोच जीवाणू घातक ठरू शकतो. औषधरोधाची जनुके एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकत असल्याने वापरावयाचा वाण अशा जनुकांपासून मुक्त असल्याची खात्री आधी करावी लागते.