वही आपली, पण वाचणार कोण?

बचत गटाची वही आपली, पैसाही आपलाच. पण लिहिणारीने हिशेब अशा खुणांनी लिहिला, की तिच्याशिवाय कुणाला वाचताच येत नाही, तर? ती म्हणेल ते मानधन द्यावं लागेल. ती गेली, की सगळं अडलं.

जर्मनीतल्या म्युनिक शहराच्या पालिकेपुढे असाच पेच होता. पालिकेचे सुमारे १४,००० संगणक मायक्रोसॉफ्टच्या विंडोजवर चालायचे. या जुन्या विंडोजची देखभाल आता बंद होणार, असं कंपनीने कळवलं. म्हणजे नवं विकत घ्या! तेव्हा पालिका लिनक्सचा विचार करू लागली. लिनक्स कसं लिहिलंय ते कुणीही वाचू शकतं, दुरुस्त करू शकतं, दुसऱ्याला देऊ शकतं.

हे कळताच मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर सुट्टी मध्येच सोडून महापौर ख्रिस्तिआन उडे यांना भेटायला आले. कंपनीने किंमतही उतरवली. एका पालिकेसाठी एवढा मोठा साहेब धावत आला, यावरूनच ओळखा. तरी मे २००३ मध्ये नगरसेवकांनी लिनक्सच्या बाजूने मत दिलं. फुकट मिळतं म्हणून नव्हे. बदलाला पैसा लागणारच होता. एकाच दुकानदारावर अवलंबून राहायचं नव्हतं.

खरी दमछाक केली ती पत्रांच्या आणि अर्जांच्या नमुन्यांनी. खात्याखात्याचे मिळून हजारो नमुने, सगळे जुन्या पद्धतीत बांधलेले. ते नव्याने बसवायला पालिकेने स्वतःचा प्रोग्राम तयार केला आणि तोही सर्वांना खुला केला. दहा वर्षं गेली. २०१३ पर्यंत जवळजवळ १५,००० संगणक लिनक्सवर आले.

पण २०१४ मध्ये महापौर बदलले. बाहेरून आलेल्या फायली नीट उघडत नाहीत, अशा कर्मचाऱ्यांच्या तक्रारी होत्याच. २०१७ मध्ये पालिकेने पुन्हा विंडोजकडे जायचं ठरवलं. काहीजण याला लिनक्सची हार म्हणतात. आम्हाला ते पटत नाही. आजूबाजूची सगळी कार्यालयं जुन्याच खुणांनी लिहीत असताना एकटीनं वेगळी वही चालवणं किती जड जातं, हे गट चालवणारीला सांगायला नको.

आणि २०२० मध्ये तिथे सत्तेवर आलेल्या नव्या आघाडीने आपल्या करारात लिहिलं: जनतेच्या पैशातून बनलेला प्रोग्राम शक्य तिथे जनतेला खुला असावा.