यजमान कोण, पाहुणा कोण?



इ. स. १९३० च्या जून महिन्याच्या अखेरीस स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरीं एक नवें क्रीडांगण खुलें झालें. त्या निमित्तानें तेथील सर्व्हेत या फुटबॉल क्लबनें स्वतःसह युरोपांतील दहा देशांचे दहा संघ एका चषकासाठीं एकत्र आणले. हंगेरीच्या उयपेश्त संघानें प्रागच्या स्लाव्हियाचा ३-० असा पराभव करून तो चषक नेला. यजमान देश चिमुकला खरा. पण घर घरधन्याचें होतें आणि पाहुणे पाहुण्यांच्या जागीं होते.

आपल्या मुंबईंत त्यापूर्वीं ३९ वर्षें, म्हणजे १८९१ सालीं, सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाची कथा नेमकी उलटी आहे. भूमि आपली, पण खेळणारे परके! पहिला चषक वूस्टरशायर पलटणीनें जिंकला. आणि पुढें कित्येक वर्षें गोऱ्या पलटणीच तो नेत राहिल्या. या सामन्यांचें घर बनलेलें कूपरेज मैदान चर्चगेटहून हाकेच्या अंतरावर आहे. विरारहून बॅकबेपर्यंत आगगाडी १८६७ सालींच धावूं लागली होती. तेव्हां विरार-वसईकडील शौकिनाला मैदान कांहीं दूर नव्हतें. दूर होता तो चषक!

पलटणींचें बळ केवळ अंगांत नव्हतें. त्यांचें राहणें, जेवणखाण, कवायत, सारें एकत्र. आपले गडी मात्र कचेरी सुटल्यावर मैदानाकडे वळणारे, आणि बहुधा अनवाणी. ओल्या जमिनीवर बुटांना जी पकड मिळते ती उघड्या तळव्यांना कोठून मिळावी? तरीहि १९११ सालीं कलकत्त्यास मोहन बागाननें ईस्ट यॉर्कशायर पलटणीला २-१ असें नमवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. तोच संघ १९२३ सालीं मुंबईस आला, अंतिम सामन्यापर्यंत पोंचला, आणि डरहॅम लाइट इन्फंट्रीकडून ४-१ असा हरला.

१९३६ सालीं विजेची गाडी विरारपर्यंत आली. पुढच्याच वर्षीं बंगलोर मुस्लिम्स या संघानें रोव्हर्स चषक जिंकला. हा पहिला हिंदी विजय. त्याला ४६ वर्षें लागलीं! १९३८ सालीं त्याच संघानें तो पुन्हां जिंकून पहिलें यश दैवाचें नव्हतें हें दाखविलें. पुढें १९५० पासून १९५४ पर्यंत, सय्यद अब्दुल रहीम यांच्या शिकवणीखालीं, हैदराबाद पोलिसांनीं तो ओळीनें पांच वेळां नेला. १९५८ सालीं मुंबईच्याच कॅलटेक्स संघाच्या हातीं तो आला.

२०००-०१ च्या मोसमानंतर हे सामने बंद पडले. ज्या चषकासाठीं आपण ४६ वर्षें झुंजलों, तो हातीं आल्यावर आपणांस जतन करतां आला नाहीं, याची खंत वाटते. मैदान देणें म्हणजे यजमानपद नव्हे. पाहुण्याशीं बरोबरीनें खेळावें, आणि तो निघून गेल्यावरहि घरांतील दिवा तेवत ठेवावा, तेव्हांच घर आपलें म्हणावें.