रंगीत फोटोतला रस्ता रिकामा का दिसतो?

लिंबायतकर मंडळी,

शंभर वर्षांपूर्वीच्या शहरांचे रंगीत फोटो हल्ली मोबाईलवर फिरतात. बरेचसे कॉम्प्युटरने रंगवलेले असतात, पण काही मुळातच रंगीत आहेत.

१९०७ साली फ्रान्सच्या ल्युमिएर बंधूंनी ‘ऑटोक्रोम’ ही काच बाजारात आणली. १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ज्यांचा सिनेमा दाखवला गेला, तेच हे भाऊ. बटाट्याच्या स्टार्चचे बारीक कण नारिंगी, हिरवे आणि जांभळे रंगवून काचेवर पसरायचे, त्यावर फोटोचा मसाला. अल्बेर कान या पॅरिसच्या बँकरने जगभर फोटोग्राफर धाडून अशा ७२ हजार काचा जमवल्या. त्यांचा माणूस स्तेफान पासे १९१३-१४ च्या हिवाळ्यात मुंबईतही येऊन गेला.

अडचण एकच होती. भर उन्हातसुद्धा या काचेला सेकंदभर किंवा जास्तच उजेड लागायचा. जो उभा राहिला तो रंगात आला. जो चालत होता तो धूसर झाला, नाहीतर गायबच. म्हणून या फोटोंतले रस्ते रिकामे वाटतात. ते रिकामे नव्हते हो, माणसं कामावर चालली होती!

गर्दी पकडली ती जोडफोटोंनी, म्हणजे स्टिरिओस्कोपने. दोन डोळ्यांइतक्या अंतरावर दोन भिंगं, शेजारी शेजारी दोन छोटे फोटो. चष्म्यासारख्या यंत्रातून पाहिलं की रस्ता खोल दिसतो. भिंगं छोटी आणि फोटोही छोटा, त्यामुळे उजेड कमी वेळ पुरायचा आणि चालणारी माणसं स्पष्ट यायची. जेम्स रिकल्टन या अमेरिकन फोटोग्राफरचा भारतातल्या १०० जोडफोटोंचा संच १९०७ मध्ये निघाला. त्यात मुंबई आहे. पण रंग नाही. रंग हवा तर गर्दी जाते, गर्दी हवी तर रंग जातो.

आता आपलं बघा. आपले आईवडील धुळे, नंदुरबार, जळगावहून भुसावळ लाईनच्या गाडीने इथे आले. तोवर रंगीत रोल आला होता, झटकन फोटो निघायचा. तरी आमच्या घरात फोटो कुठले? लग्नाचे, बारशाचे, स्टुडिओतल्या पडद्यापुढचे. पाळी सुटल्यावर गरनाळ्यातून येणारी सायकलींची रांग, हातातले डबे, कपड्यांना चिकटलेले लूमचे धागे, यातलं एकही नाही. रोल महाग होता आणि रस्ता रोजचाच होता. जे होते त्यातले निम्मे मिठी खाडीचं पाणी घरात शिरलं तेव्हा एकमेकांना चिकटले.

पासेच्या काचेत चालणारा माणूस यंत्रामुळे हरवला. आमचे वडील यंत्र असूनही हरवले.

म्हणून सांगणं एवढंच. लग्नाच्या अल्बममध्ये मागे गल्ली दिसत असेल तर तो फोटो इथे टाका, साल आणि नगराचं नाव लिहा. आणि आज संध्याकाळी पाळी सुटताना रस्त्याचा एक फोटो काढाच. ओळखीचं कोणी दिसलं तर त्याला थांबवू नका, चालू द्या.